रॉकेटला एवढी आडबाजू कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी रात्री जागून रॉकेटची उड्डाणं बघते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: रॉकेट लॅबसारखी खासगी कंपनी न्यूझीलंडमधल्या माहियासारख्या आडवळणी जागी तळ का बांधते?

रिकामेपणासाठी. गंमत करत नाहीये. माहिया द्वीपकल्पाच्या पूर्वेला हजारो किलोमीटर नुसता प्रशांत महासागर आहे. उड्डाणाआधी खालचा समुद्र आणि वरचं आकाश मोकळं करावं लागतं, कारण रॉकेटचा पहिला टप्पा, म्हणजे आधी जळून सुटणारा खालचा भाग, समुद्राकडेच परततो आणि बिघाड झाला तर सगळंच पडतं. गजबजलेल्या किनाऱ्यावर विमानं वळवावी लागतात. एखादी बोट हद्दीत शिरली तरी उलटी मोजणी थांबते. माहियाला वाट अडवायला फारसं कुणी नाहीच. वर्षाला 120 उड्डाणांपर्यंत मुभा आहे. तेवढी होतात का? छे, जवळपासही नाही.

यावर जाणकार म्हणतात, विषुववृत्ताजवळून सोडलं तर पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा मिळतो की! मिळतो, सेकंदाला साधारण 465 मीटर. पण पूर्वेकडे निघालेल्याला. पृथ्वीची छायाचित्रं घेणारे बरेचसे छोटे उपग्रह ध्रुवांवरून फिरतात. त्यांना तो वेग उपयोगाचा नाही, उलट थोडा नडतोच. त्यांना हवी दक्षिणेकडची किंवा उत्तरेकडची मोकळी वाट. श्रीहरिकोट्याहून सरळ दक्षिणेला निघालं तर मध्ये श्रीलंका येते, म्हणून इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट वळसा घेतं. मोठ्या रॉकेटला वळसा पचतो. छोट्याचं इंधन त्यातच जातं. तमिळनाडूत कुलशेखरपट्टणमला नवा तळ होतोय तो याचसाठी. माहियाहून उडणारं रॉकेट लॅबचं इलेक्ट्रॉन हे रॉकेटही छोटंच आहे, 18 मीटर उंच, सुमारे 300 किलो नेणारं.

समुद्र रिकामा म्हणून नियम मात्र ढिले होत नाहीत. मे 2017 मध्ये इलेक्ट्रॉनचं पहिलं उड्डाण 224 किलोमीटर उंचीपर्यंत गेलं आणि जमिनीवरच्या यंत्रणेकडे येणारी माहिती तुटली. रॉकेट कुठे आहे ते दिसत नसेल तर उड्डाण संपवायचं, तसं ते संपवलं. नंतर कळलं, दोष बाहेरच्या कंत्राटदाराच्या यंत्रणेत होता, रॉकेट धडधाकट होतं! मला अजून हळहळ वाटते. जानेवारी 2018 मध्ये दुसरं कक्षेत पोचलं.

आणि हो, बघायला जावं का? सुट्टी मोजकी असेल तर नको. खाली लख्ख ऊन असलं तरी वरच्या थरात वारा जोराचा असला की उड्डाण पुढे ढकलतात.