सर्व्हर कुणाचा, डिस्क कुणाची

गेमिंगमध्ये पीसीवाले शहाणे आणि कन्सोलवाले (टीव्हीला गेमचा डबा जोडून खेळणारे) पोरकट असं छातीठोकपणे सांगणारे लोक बहुतेक एकाच बाजूला खेळलेले असतात. मी दोन्हीकडे खेळतो, घरी पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ कन्सोल) आहे आणि एक म्हातारा पीसी आहे जो पावसाळ्यात डिचोलीत लाईट जा-ये करायला लागली की यूपीएसवर कण्हत चालतो, आणि माझं म्हणणं एवढंच की माणसं दोन्हीकडे तीच, शिव्याही त्याच, फक्त कोणाला कोणाची कशासाठी गरज लागते ते वेगळं आहे आणि बाकीचा सगळा फरक तिथूनच सुरू होतो.

काउंटर-स्ट्राइकच घ्या. हा मुळात कंपनीचा गेमच नव्हता, वाल्व्ह कंपनीच्या हाफ-लाइफ गेमवर दोन पोरांनी केलेला मॉड, म्हणजे हौशी फेरफार, १९९९ ला बीटा आली आणि लोक एवढे तुटून पडले की २००० साली वाल्व्हने तो रीतसर विकायला काढला. आणि सर्व्हरचं, म्हणजे ज्या मशीनला जोडून सगळे एकत्र खेळतात तिचं, सॉफ्टवेअर फुकट, ज्याला हौस आहे त्याने आपल्या मशीनवर लावावं. त्यामुळे खेळायचं म्हणजे आधी सर्व्हरची लिस्ट उघडायची, पिंगच्या (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेच्या) कॉलमवर क्लिक केलं की जवळचे वर येतात, मग त्यात ओळखीचं नाव शोधायचं. मुंबईतला मिळाला तर ठीक, सिंगापूरचा असला की आपण आधी गोळी झाडूनसुद्धा आपणच मेलेले. मी ज्या सर्व्हरवर पडीक असायचो तिथे चोवीस तास फक्त डस्ट टू हा एकच नकाशा चालायचा आणि ऑप (लांबून एका गोळीत मारणारी स्नायपर बंदूक) घ्यायला बंदी होती, घेतली की पहिल्यांदा वॉर्निंग आणि मग अॅडमिन (सर्व्हर सांभाळणारा) स्लॅप मारायचा, म्हणजे एक कमांड टाइप केली की तुमचा माणूस जागच्या जागी उडतो आणि हेल्थ कमी होते, आणि सगळे चॅटमध्ये हसतात. ह्याला अन्याय म्हणायचं असेल तर म्हणा पण दुसऱ्या दिवशी आम्ही परत तिथेच.

आमच्याकडे जत्रेला गावची पोरं नाटक बसवतात त्या मंडळाचीच ही जात. सर्व्हरचे पैसे जो भरतो तो निर्माता, त्याच्या चुलत भावाला बंदूक चालवता येत नसली तरी अॅडमिनचा हक्क, आणि दोन वर्षांत रुसवेफुगवे होऊन एका क्लॅनचे, म्हणजे टोळीचे, दोन क्लॅन, एकमेकांच्या सर्व्हरवर बॅन. पण नाव लक्षात राहायचं. कोण रात्री अकरानंतर येतो, कोण नेहमी बी साइटवर लपून बसतो, कोण हरायला लागला की करंट गेला म्हणून सटकतो (आणि गोव्यात हे खोटं पकडता येत नाही, कारण अर्ध्या वेळा खरंच गेलेला असतो).

कन्सोलवर ही सगळी उस्तवार पहिल्या दिवसापासून कंपनीने स्वतःकडे घेतली. एक्सबॉक्स लाइव्ह, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलची ऑनलाईन सेवा, नोव्हेंबर २००२ ला सुरू झाली, नुसतं ब्रॉडबँडवाल्यांसाठी, आणि स्टार्टर किटच्या खोक्यात हेडसेट. म्हणजे एक नाव, एक फ्रेंड लिस्ट, एक माइक, सगळ्या गेमना तेच. त्या काळात पीसीवर बोलायचं तर टीमस्पीक नाहीतर व्हेंट्रिलो, तेही कोणीतरी भाड्याने घेऊन पासवर्ड वाटणार, डिस्कॉर्ड यायला २०१५ उजाडलं. मग २००४ मध्ये हेलो २ आला आणि मॅचमेकिंग म्हणजे काय ते लोकांना कळलं, बटण दाबा, मशीन तुमच्या लायकीची माणसं शोधून देईल. फार सोयीचं, मी काही त्याला नावं ठेवणार नाही, ऑफिसातून आल्यावर कोण लिस्ट चाळत बसणार. पण मॅच संपली की ती माणसं गेली. ज्याने तुम्हाला सुंदर पास दिला तो परत आयुष्यात दिसणार नाही, आणि ज्याने तुमच्या आईवरून शिवी दिली तोही नाही, म्हणून तर देतो. सर्व्हरवर शिवी दिलेल्याला उद्या तोंड दाखवायचं असायचं.

आणि २००८ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर पार्टी चॅट आलं, आठ जण, कोणी कुठलाही गेम खेळत असो, आपल्यातच बोला. तिथून कन्सोलची लॉबी, मॅचआधी सगळे जमतात ती जागा, मुकी झाली. अनोळखी माणसाशी बोलायची गरजच संपली. त्यामुळे कन्सोलवाल्याला विचारलंत तुझी कम्युनिटी कुठली, तर तो प्रामाणिकपणे आपल्या पार्टीतल्या चार जणांची नावं सांगेल. माझ्या पार्टीत फोंड्याचा मामेभाऊ, कुवेतला असलेला शाळेतला मित्र आणि एक तारवटी जो सुट्टीवर असला की दिवसरात्र ऑनलाईन आणि एकदा जहाजावर चढला की गायब. हे लोक मला फिफासाठी (फुटबॉलचा गेम, आता नाव ईए स्पोर्ट्स एफसी, पण आम्ही फिफाच म्हणतो) हवेतच असं नाही, गेम हे निमित्त. पीएस५ च्या कंट्रोलरमध्येच माइक आहे आणि तो बाय डिफॉल्ट चालू असतो, पुष्कळांना पत्ताच नसतो, त्यामुळे पार्टीत पंखा ऐकू येतो, कुकरची शिट्टी ऐकू येते, मामीने "जेवपाक यो रे" म्हणून मारलेली हाक ऐकू येते, आणि चतुर्थीत तर मामेभाऊ कॉर्नर घेत असताना मागे झांजा. पीसीवाल्यांत असं चालत नाही हां. तिथे कीबोर्डवरचं के दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं, आणि ज्याचा माइक उघडा राहिला त्याला म्यूट. आणि नाहीतरी तिथे कीबोर्ड हाताशी असतो, मग काय, मरता मरता कोकणी-मराठी रोमन लिपीत बदाबदा टाइप. कंट्रोलरवर एकेक अक्षर निवडून शिवी लिहायची म्हणजे तोवर राग थंड होतो.

भांडायची पद्धत बघा आता. २००९ साली मॉडर्न वॉरफेअर २ ह्या बंदुकांच्या गेमच्या पीसी व्हर्जनमधून डेडिकेटेड सर्व्हर, म्हणजे खेळाडूंनी स्वतः चालवायचे सर्व्हर, काढले, कन्सोलसारखं मॅचमेकिंगच ठेवलं. पीसीवाले खवळले, पिटिशन, स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाईन दुकान) बहिष्काराचा ग्रुप. गेम आला त्या दिवशी कोणीतरी त्याच ग्रुपच्या मेंबर लिस्टचा फोटो काढला, ओळीने लोक मॉडर्न वॉरफेअर २ खेळतायत. मला तो फोटो अजून हसवतो. उलट एप्रिल २०११ मध्ये प्लेस्टेशन नेटवर्क हॅक झालं, ७ कोटी ७० लाख अकाउंटची माहिती धोक्यात आणि नेटवर्क २३ दिवस बंद. इतके दिवस! आणि कन्सोलवाल्यांनी काय केलं, तर चिडले, वाट बघितली, शेवटी सोनीने दोन गेम फुकट दिले ते घेतले आणि परत खेळायला लागले. करणार काय, दुसरा सर्व्हर होताच कुठे.

मला विचाराल तर ह्या सगळ्यातला सगळ्यात भारी किस्सा मे २०२४ चा, कारण तिथे दोन्ही जमाती एकाच गेममध्ये होत्या. हेलडायव्हर्स २, पीएस५ आणि पीसी दोन्हीकडे, सगळे मिळून किडे मारतायत, छान चाललंय. सोनीने जाहीर केलं की पीसीवाल्यांनीसुद्धा पीएसएन, म्हणजे प्लेस्टेशन नेटवर्कचं, अकाउंट जोडलंच पाहिजे. कन्सोलवाल्याला ह्यात वावगं काही दिसेना, त्याच्याकडे ते अकाउंट आहेच. पण जगात कितीतरी देश असे आहेत जिथे पीएसएन मिळतच नाही आणि तिथल्या लोकांनी स्टीमवर गेम विकत घेतला होता. दोन लाखांवर निगेटिव्ह रिव्ह्यू पडले आणि तीन दिवसांत सोनीने निर्णय मागे घेतला. आपल्याकडे पीएसएन आहे, आपलं काही अडलं नव्हतं, तरी माझ्या ओळखीच्या पीसीवाल्यांनी इमानेइतबारे जाऊन अंगठा खाली दाबला. पार्टीत मामेभाऊ म्हणाला, एक अकाउंट काढायला एवढा तमाशा कशाला? दोघांचंही मला पटलं.

तर मग कन्सोलवाल्यांना एकमेकांची गरजच नाही का? आहे, पण ती ऑनलाईन नाही. डिस्क! स्टीमवर घेतलेला गेम तुमच्या अकाउंटला चिकटला तो चिकटला, विकता येत नाही. डिस्क विकता येते, बदलता येते, आणि आपल्याकडे नव्या गेमची किंमत बघता बहुतेक सगळे तेच करतात. व्हॉट्सअॅपवर ग्रुप, "स्पायडर-मॅन देतो, गॉड ऑफ वॉर पाहिजे, लोकेशन मडगाव", आणि मग पणजीच्या कदंब स्टँडवर दोन अनोळखी माणसं उभी. आधी खोकं उघडून डिस्क उलटी करायची, उन्हात तिरकी धरून चरे बघायचे, कडेला बोटांचे ठसे असतील तर शर्टाला पुसायची, आणि हे करताना दुसऱ्याने उगाच बसकडे बघत राहायचं असा एक अलिखित शिष्टाचार आहे. मग अर्धा तास गप्पा. फिफाची गेल्या वर्षीची डिस्क मात्र कोणी हातात घेत नाही, नवा आला की जुन्याला रद्दीचा भाव. पीसीवर मला ड्रायव्हर कसा रोलबॅक करायचा (जुन्या व्हर्जनवर न्यायचा) ते शिकवणारे, मॉडची भांडणं सोडवून देणारे कितीतरी भेटले, त्यांच्यातल्या एकाचंही तोंड मी बघितलेलं नाही. डिस्कवाले मात्र बहुतेक वेळा रस्त्यात हात करतात.

आता दोन्ही बाजू हळूहळू एकसारख्या होतायत ते वेगळंच. सप्टेंबर २०१८ मध्ये सोनीने फोर्टनाइटपासून क्रॉसप्लेला (वेगवेगळ्या मशीनवाल्यांनी एकत्र खेळायला) दार उघडलं आणि तेव्हापासून नवीन भांडण, पीसीवाले म्हणतात तुमचा एम असिस्ट (नेम धरायला गेमची मदत) म्हणजे अर्धी चीटिंग, कन्सोलवाले म्हणतात तुमच्याकडे पूर्ण चीटिंग. दोघंही थोडे बरोबर. काउंटर-स्ट्राइक २ मध्येसुद्धा बहुतेक जण सरळ मॅचमेकिंग दाबतात, कम्युनिटी सर्व्हर आहेत पण लिस्ट उघडतो कोण. आणि तिकडे पीएस५ ची डिजिटल एडिशन बिनडिस्कची, २०२४ चा पीएस५ प्रो तर एवढा महाग असून ड्राइव्ह वेगळी विकत घ्या. नव्या पोरांना डिस्कचं काही पडलेलं नाही, डाउनलोड करतात. सेलमध्ये स्वस्त मिळतं हे खरं आहे, माझं म्हणणं फक्त हेच की तो गेम खेळून झाला की करायचं काय त्याचं.

असो. माझ्याकडे घोस्ट ऑफ त्सुशिमा आहे, पीएस५ ची, एकही चरा नाही. एल्डन रिंग कोणाकडे असेल तर सांगा. डिचोली किंवा म्हापसा स्टँड, पणजीला मी येत नाही, पार्किंग मिळत नाही.