मंत्र्याचा पीए नव्हे

साताऱ्याला गेले की एखादी मावशी विचारतेच, "अमेरिकेत कुणाची पीए आहेस गं?" मंत्र्याचा पीए असतो तो नव्हे, फिजिशियन असिस्टंट, डॉक्टरांच्या टीममध्ये पेशंट तपासते, औषधं लिहून देते, एवढं सांगून होईतो पुढचा प्रश्न तयार: "दोन-अडीच वर्षांत डॉक्टरकी? मग आमची पोरं एमबीबीएसला साडेपाच वर्षं कशाला घालवतात?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. डॉक्टर नाही होत आम्ही. बहुतेक कोर्स 27 महिन्यांच्या आसपासचे, पण ते पदवीनंतरचे, मास्टर्सचे. शिवाय बऱ्याच ठिकाणी प्रवेशाआधी पेशंटची कामं केल्याचे तास दाखवावे लागतात. माझे तास एका नर्सिंग होममध्ये भरले: आंघोळी घालणं, डायपर बदलणं, कुशीवर वळवणं. घरी बरेच दिवस सांगितलं नव्हतं.

मुळात या कोर्सची कल्पनाच तशी होती. 1965 मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी पहिल्या तुकडीत घेतले ते नौदलात रुग्णसेवा केलेले चार जण. हात आधीच बसलेला, त्यावर शास्त्र चढवलं.

पहिलं वर्ष वर्गात: ॲनाटॉमी, फार्माकॉलॉजी आणि परीक्षांमागून परीक्षा. टाके घालायला शिकले ते डुकराच्या पायावर, मी, जिच्या घरी अंडंसुद्धा येत नाही! दुसरं वर्ष हॉस्पिटलांत: मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, मानसोपचार, इमर्जन्सी. शेवटी 300 प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचं लायसन्स.

इमर्जन्सीतल्या पाळीत एक मराठी आजी आल्या. छातीत दुखतंय का? नाही. पोटात? नाही. दहापैकी किती? त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, "अगं, कसंतरीच होतंय." फॉर्मवर याला रकाना नाही. वयस्क बायकांचा हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो, हे वर्गात घोकलेलं होतं. बाहेर येऊन सरांना केस सांगितली. ते ऐकून घेतात आणि एकच विचारतात, "मग तुला काय वाटतं?" वर्षभराच्या अभ्यासाची खरी परीक्षा या प्रश्नात.

"हार्ट वाटतंय," मी म्हटलं.

ईसीजी नॉर्मल आला. माझं तोंड उतरलं. सर म्हणाले, "ट्रोपोनिनचा रिपोर्ट येऊ दे." हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं हे प्रोटीन. रिपोर्ट आला, वाढलेला. आजींना वर कार्डिऑलॉजीत हलवलं, तेव्हा त्या विचारत होत्या, "तू डॉक्टर ना गं?"