लाइट आली की सर्व्हर आपोआप उठला पाहिजे

रत्नागिरीत आम्ही सुरुवात केली ती कॉम्प्युटर दुरुस्तीपासून. पुढे मिरकरवाड्याच्या बर्फ-डिझेलवाल्यांची बिलं, पावसच्या बागायतदारांच्या आंबापेट्यांचा हिशेब, गणपतीपुळ्याच्या लॉजचं बुकिंग सांभाळणारे छोटे सर्व्हर बसवून देऊ लागलो. लायसन्सचा खर्च या गिऱ्हाइकांना परवडणारा नव्हता, म्हणून पहिल्यापासून सेंटओएस, म्हणजे लिनक्सवर चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम.

२०२९ पर्यंत चालायचं ते सेंटओएस ८ २०२१ च्या अखेरीसच बंद होणार, असं डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं. आम्ही डेबियन या दुसऱ्या फुकट लिनक्सकडे वळलो. १९९३ पासून स्वयंसेवकांनी चालवलेला हा प्रकल्प आहे, त्याचं भवितव्य एका कंपनीच्या हातात नाही. आमच्यासारख्या छोट्या धंद्याला हाच मोठा आधार वाटला.

जुन्या मशीनवरच्या पॅकेजेसची, म्हणजे बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी काढली की शेकडो नावं येतात, पण बहुतेक दुसऱ्या कशाच्या तरी पाठोपाठ आलेली. मुद्दाम बसवलेली मोजकीच. तेवढीच निवडून आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फाइलला लावली. नावंही बदलतात, वेब सर्व्हरचं पॅकेज तिकडे एचटीटीपीडी, ते इकडे अपाचे२ होतं. डेबियनवर मुद्दाम बसवलेल्यांची यादी 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल' या कमांडने मिळते. आमच्याकडे नवा मुलगा कामाला लागला की आधी ही यादी वाचायला शिकतो, कारण नको असलेली पॅकेजेस काढणारी 'ऑटोरिमूव्ह' कमांड काय ठेवणार आणि काय काढणार ते हिच्यावरच ठरतं.

खरी मेहनत मात्र बूटच्या, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जवर घेतली. सेंटओएसवर डेटाबेस बसवला तरी आपण सांगेपर्यंत तो सुरू होत नाही. डेबियनवर पॅकेज बसलं की त्याची सेवा, म्हणजे मागे चालणारा प्रोग्रॅम, लगेच चालू, आणि पुढच्या बूटलाही हजर. त्यामुळे आम्ही आधी ती सेवा 'मास्क' करतो, म्हणजे सुरूच होऊ नये अशी अडवून ठेवतो, मग पॅकेज बसवतो, सेटिंग तपासतो आणि त्यानंतरच मोकळी करतो.

हे एवढं का, ते किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको. मे २०२१ च्या तौक्ते वादळाचं सोडा, साध्या पावसाळ्यातही लाइट जाते-येते, इन्व्हर्टर संपतो. पहाटे लाइट येते तेव्हा दुकानात कुणी नसतं. अशा वेळी बॅकअपची यूएसबी डिस्क कुणी काढून ठेवलेली असली, तर सर्व्हर तिची दीड मिनिट वाट बघतो आणि इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे कुणी येऊन दुरुस्त करेपर्यंत, थांबतो. बिलाच्या काउंटरवर काळा स्क्रीन! एफएसटॅब या डिस्कची यादी असलेल्या फाइलमध्ये त्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हा एक शब्द घातला की डिस्क नसतानाही बूट पूर्ण होतो. राऊटर सर्व्हरपेक्षा उशिरा उठतो, म्हणून ज्या सेवांना नेटवर्क लागतं त्यांना 'नेटवर्क-ऑनलाइन', म्हणजे नेटवर्क जोडलं गेल्याचा टप्पा, झाल्यावरच सुरू व्हायला सांगतो. आणि वीज परत आल्यावर मशीन स्वतःहून चालू होण्याची बायोसमधली (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममधली) सेटिंग आमच्या तपासणीत पहिली असते.

सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली, त्याआधी उरलेली गिऱ्हाइकंही डेबियन १२ वर आणली. आता दरवर्षी मे अखेरीस प्रत्येकाकडे जातो, बॅकअप घेतो, मेन स्विच पाडतो आणि पुन्हा चालू करतो. कीबोर्डला हात न लावता बिल छापून आलं तरच फाइलवर सही करतो.