खाणीतली दुसरी पायरी

लष्कराच्या लिलावात घेतलेली मारुती जिप्सी आमच्या शेडमध्ये आली तेव्हा मालकांची मागणी ठरलेली होती. "वस्ताद, गाडी उंच पाहिजे. लांबनं बघितली की कळाय पाहिजे." मालक शिरोळकडचे ऊस बागायतदार. दगडांवर गाडी चढवायचं वेड त्यांना व्हिडिओ बघून लागलेलं, पण वेड खरं होतं. गाडीखाली स्वतः झोपून चॅसीचा प्रत्येक जोड बघणारं गिऱ्हाईक कमी मिळतं.

मी त्यांना म्हटलं, "मालक, उंचीचं नंतर बघू. आधी ही किती सावकाश चालते ते मोजू."

दगडावर चढताना चाक दगडाला धडकून चालत नाही, ते दगडावर टेकून वर सरकलं पाहिजे. त्यासाठी ॲक्सिलरेटरला पाय न लावता, नुसत्या आयडलवर गाडी चालली पाहिजे. जिप्सी किंगचा पहिला गिअर ३.६५२, ट्रान्सफरचा (इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा गिअरचा डबा) लो, म्हणजे सावकाश गिअर, २.२६८, आणि एक्सलमधल्या क्राऊन चक्राचे दात ४३ तर त्याला फिरवणाऱ्या पिनियनचे ११, म्हणजे ३.९०९. तिन्हींचा गुणाकार जवळपास ३२, म्हणजे इंजिनाचे इतके फेरे झाले की चाकाचा एक. इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांच्या आयडलवर असताना कंपनीच्या २०५/७० आर १५ टायरवर ही गाडी ताशी तीन किलोमीटरच्या जरा वर चालते. मालकांना हवे तसे ३१ इंची टायर टाकले की चाकाचा घेर वाढतो, वेग साडेतीनच्या पुढे जातो आणि इंजिन दगडापाशी येऊन दम टाकतं. मोठ्या टायरनं उंची मिळते, पण जे हवं होतं तेच निघून जातं.

म्हणून आम्ही २३५/७५ आर १५ वर थांबलो आणि जुन्या ९७० सीसी जिप्सीचा ट्रान्सफर शोधला. त्याचा लो २.५११ आहे. जिप्सीत ट्रान्सफर गिअरबॉक्सला जोडलेला नसतो, वेगळा लटकतो आणि मध्ये एक छोटा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे जोर पोचवणारा फिरता दांडा असतो. त्यामुळे अदलाबदल शक्य होते, ब्रॅकेट तेवढे जुळवावे लागतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शेड असल्याचा हा मोठा आधार. लेथ, मिलिंग, वेल्डिंग सगळं हाकेच्या अंतरावर, आणि ब्रॅकेट घेऊन गेलं की लेथवाले अण्णा ड्रॉइंग न मागता नुसतं मोजून बनवून देतात. गुणाकार जवळपास ३६ झाला. टायर वाढूनही आयडलचा वेग कंपनीच्या गाडीएवढाच राहिला.

स्प्रिंगच्या पाट्यांचं काम मी जपून केलं. एक्सलच्या खालचे पाटे वर घेतले की गाडी एकदम पाचेक इंच उंच होते, आणि पुष्कळ जण तेच करून घेतात. पण मग स्टेअरिंगचा दांडा, ड्रॅग लिंक, तिरका होतो, ताकद लावली की एक्सलचं हाउसिंग पाट्याला पीळ देत फिरायला बघतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाडीचं वजन वर जातं. जिप्सी मुळातच अरुंद गाडी. आडव्या उतारावर तिला आणखी उंच करणं मला पटत नाही. आम्ही पाटे खालीच ठेवले, एक पाटा कमी करून चाक जास्त खाली पडेल असं केलं, शॉक अबसॉर्बर लांब टाकले, ब्रेकचे पाइप लांब केले. यू-बोल्ट उलटे बसवले. कंपनीच्या गाडीत यू-बोल्टचे नट खाली लटकतात आणि प्रत्येक दगड पहिल्यांदा त्यांनाच घासतो. आता खाली सपाट प्लेट आणि नट वर.

मागचा डिफरेन्शियल, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअरचा संच, वेल्ड करून दोन्ही चाकं एक केली. पुढचा मोकळा ठेवला, कारण पुढची चाकं जखडली की गाडी वळत नाही. वेल्ड केलेला डिफरेन्शियल रस्त्यावर टायर फरफटत नेतो, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ च्या जानेवारीत ते स्पष्टच केलं. मालकांना हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गाडी ट्रकवर चढणार, खासगी जागेत उतरणार आणि ट्रकवरच परत येणार, हे मान्य असेल तरच काम घेतो. त्यांनी मान्य केलं.

शेवटचं काम अगदी साधं होतं. शाफ्ट बसवण्याआधी प्रत्येकावर लांबीला सरळ एक पांढऱ्या रंगाची रेघ मारली. ही रेघ का मारतात ते पुढं येईल.

चाचणीला पन्हाळ्याच्या पलीकडची एक बंद पडलेली दगडाची खाण निवडली होती. जागा ओळखीच्या माणसाची. ओढ्यात किंवा नदीपात्रात मी गाडी घालत नाही. तिथलं पाणी लोक आणि जनावरं पितात, आणि एका ऑइल चेंबरला भोक पडलं तर ते पाणी नासतं. खाणीत पाणी पावसाळ्यातच साठतं. मार्चमध्ये सगळं कोरडं होतं.

काळ्या दगडाच्या खाणीला आपोआप पायऱ्या असतात. लाव्हाचे थर आडवे, आणि सुरुंगानं दगड काढताना एकेक थर मागे सरकत जातो. कोरड्या काळ्या पाषाणावर टायर घट्ट बसतो, पण खाणीत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे कच. दगडावर बारीक कच पसरली असेल तर पकड जाते, म्हणून खराटा घेऊन वाट झाडावी लागते. दुसरी म्हणजे दगडाची धार. ओढ्यातला गोटा गोल असतो, सुरुंगाचा दगड टायरची कड कापतो. टायरमधली हवा १४ पीएसआयवर आणली. आणखी कमी केली असती तर पकड वाढली असती, पण साध्या रिमवरून टायर निसटण्याची भीती असते.

पहिली पायरी गुडघ्याएवढी. मालक स्टेअरिंगवर, मी पुढं उभा राहून हातानं वाट दाखवत होतो, शेडवरचा पोरगा मागं लाकडी गुटके घेऊन. "फोर-लो, पहिला गिअर, क्लच सोडा आणि पाय बाजूला घ्या," मी म्हटलं. पुढचं डावं चाक दगडाला टेकलं, टायर दबला, इंजिनचा आवाज जरा जड झाला आणि चाक वर आलं. मग उजवं. मागं एक चाक हवेत उचललं गेलं, पण दुसरं ढकलत राहिलं. सगळं माणसाच्या चालण्यापेक्षाही सावकाश. वर आल्यावर मालक आतूनच ओरडले, "वस्ताद, ही आपल्या आपण चढतीया की!" त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. इतके आठवडे मी जे गुणाकार समजावत होतो ते त्यांना त्या मिनिटभरात कळलं.

दुसरी पायरी कमरेएवढी होती. तिच्यापुढं आम्ही डबर रचून चढ केला. गाडी डावीकडं बरीच झुकणार हे दिसत होतं, म्हणून वरच्या बाजूनं दुसऱ्या जीपला पट्टा बांधून तो सैल धरून ठेवला. निम्म्यात पुढचं डावं चाक दोन दगडांच्या खोबणीत बसलं. मालकांनी स्टेअरिंग पूर्ण वळवलेलं होतं. मी हात वर करून थांबा म्हणत होतो, त्याच क्षणी मागचं चाक कचेवर वीतभर घसरलं. खाली खोल दिसल्यावर माणसाचा पाय आपोआप दाबला जातो. इंजिन गरजलं आणि लोखंडावर घण पडावा तसा आवाज झाला.

"इंजिन बंद! ब्रेक! हँडब्रेक!" पोरानं मागच्या चाकांना गुटके लावले. जीपवाल्यानं पट्टा ताणला. गाडी हलली नाही. मालक पांढरेफटक पडले होते, मी त्यांना उजव्या, म्हणजे वरच्या बाजूनं उतरवलं. खालच्या बाजूला कुणीच जायचं नाही हे आधीच ठरलं होतं, आणि ते सगळ्यांनी पाळलं. पुढचा अर्धा तास पट्टा इंचाइंचानं सोडत गाडी खाली घेण्यात गेला.

काय तुटलं ते मला आवाजावरनंच कळलं होतं. पुढच्या चाकापाशी, नकलच्या, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या सांध्याच्या आत, सहा गोळ्यांचा जॉइंट असतो. चाक सरळ असताना त्या सहा गोळ्या भार वाटून घेतात. चाक पूर्ण वळलं की गोळ्या वाटीच्या काठाकडं सरकतात आणि भार दोन-तीन जणींवर येतो. आणि इथंच सावकाश चालण्याची किंमत असते. इंजिनचा जोर १०३ न्यूटन-मीटर. छत्तिसानं गुणला की कागदावर साडेतीन हजारांच्या वर जातो. जी गुणाकाराची रीत गाडीला पाय न लावता चढवते, तीच पाय दाबल्यावर शाफ्ट पिळते. आयडलवर या जोराचा थोडाच भाग वापरला जातो, घाबरून दाबलेल्या पायाखाली बराचसा.

खाणीच्या तळाला सपाट जागी घोडीवर गाडी घेतली आणि काम पोराच्या हातात दिलं. चाक काढलं. ब्रेकचा कॅलिपर सोडून तारेनं पाट्याला टांगला, पाइपवर लोंबकळत ठेवायचा नाही. हबचं झाकण, सर्क्लिप, बेअरिंगचा नट, मग डिस्कसकट हब. स्पिंडलचे बोल्ट काढून शाफ्ट ओढला तेव्हा त्याच्याबरोबर वाटीचा निम्माच भाग बाहेर आला. "वस्ताद, ह्यो तर फुटलाय." उरलेले तुकडे आणि गोळ्या लोहचुंबकानं शोधून ताडपत्रीवर मांडल्या, सहा भरल्याशिवाय पुढं जायचं नाही. राहिलेली एक गोळी आत फिरली तर नवा जॉइंटही जातो.

तुटलेली कड मी उन्हात धरून मालकांना दाखवली. सगळी कड एकसारखी, चकचकीत, दाणेदार. जुनी चीर असती तर तिथं काळपट भाग दिसला असता. म्हणजे धातू थकलेला नव्हता, एका दणक्यात गेला होता.

पेटीत जॉइंट बसवलेले तयार शाफ्ट होते, डावा आणि उजवा वेगळा, कारण डिफरेन्शियल मधोमध नसल्यानं दोन्हींची लांबी वेगळी असते. डिझेलनं नकल धुतला, नवं ग्रीस भरलं, डावा शाफ्ट आत सरकवला. ऊन उतरायच्या आत गाडी पुन्हा चार चाकांवर उभी होती.

तोवर मालक विचार करून आले होते. "वस्ताद, बाहेरच्या देशातनं क्रोमोली पोलादाचे शाफ्ट मागवू. पैशाचं मी बघतो." मी त्यांना गाडीखाली बोलावलं. खालून दिसणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवरच्या पांढऱ्या रेघा दाखवल्या. शाफ्ट पिळला गेला असता तर रेघ मळसूत्रासारखी वळली असती. सगळ्या सरळ होत्या. क्राऊन-पिनियनला हातानं हलवून बघितलं, ढिलाई नव्हती. सगळा दणका त्या जॉइंटनं खाल्ला आणि पुढचं सगळं वाचलं. जॉइंट पक्का केला की तो दणका थांबत नाही, पुढच्या कमजोर जागेवर जातो. पुढची जागा म्हणजे क्राऊनचे दात. ते गेले की खाणीत उघडून काही होत नाही, गाडी तिथंच पडून राहते आणि डोंगरातून ओढून आणावी लागते. जिप्सी १९८५ पासून तीसेक वर्षं बनत राहिली, तिचा जॉइंट आपल्याकडच्या बाजारात सहज मिळतो. तुटायचंच असेल तर जे आम्ही स्वतः, तिथल्या तिथं, साध्या पान्यानं बदलू शकतो तेच तुटावं, असं माझं ठाम मत आहे. जोर करायच्या गाडीत प्रत्येक भाग पोलादी करत सुटणाऱ्या वर्कशॉपांशी माझं या बाबतीत जमत नाही.

मालक बराच वेळ त्या रेघांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पेटीत दोन जोड ठेवायचे आणि पायावर ताबा ठेवायचा." मी म्हटलं, "व्हय. आणि स्टेअरिंगचा स्टॉपर बोल्ट थोडा बाहेर काढू. वळायला जागा जास्त लागेल, पण जॉइंट त्या टोकाच्या कोनात जाणार नाही."

त्यांनी त्या दिवशी दुसरी पायरी पुन्हा मागितली. मी डबर वेगळं रचलं, खोबण भरून काढली, आणि स्टेअरिंग सरळ ठेवून चढायची वाट निवडली. या वेळी त्यांनी पाय सीटखाली दुमडूनच ठेवला. मधे गाडी थबकली, तेव्हा त्यांनी नुसती माझ्याकडं बघून वाट पाहिली. मी एक दगड सरकवला आणि जिप्सी वर आली.

ट्रकवर चढवण्याआधी पोरानं खालून टॉर्च मारून आणखी एक गोष्ट शोधली. ट्रान्सफरच्या ब्रॅकेटमधलं एक रबर कडेला फाटायला लागलं होतं. ही जागा तुटलेली मला चालणार नाही, कारण ट्रान्सफर सुटला की दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट एकदम लटकतात आणि ब्रेकशिवाय काही उरत नाही. अण्णांकडं रुंद ब्रॅकेट आणि मोठे बुश टाकलेत. गाडी त्याआधी खाणीत जाणार नाही, असं मालकांनी स्वतःच फोन करून सांगितलं.