तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या जिप्सीला गॅस किट लावावं का?

प्रश्न साधारण असा येतो: घरी जुनी फोर बाय फोर उभी आहे, पेट्रोल परवडत नाही, एलपीजी किट लावून घेऊ का? उत्तर देण्याआधी उलट विचारावं लागतं की गाडी कोणती? विदर्भात जुनी फोर बाय फोर म्हटलं की निम्म्या वेळा ती डिझेल जीप निघते, आणि मग विषय तिथेच संपतो. डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसतो. त्याला गॅसवर आणायचं तर हेड, पिस्टन, इग्निशन सगळं बदलावं लागेल. तेवढ्या पैशात दुसरी गाडी येते.

उरली मारुतीची पेट्रोलवरची जिप्सी. 1985 साली आलेली 970 सीसीची, 1996 ची 1.3 लिटर कार्बोरेटरवाली, किंवा 2000 च्या आसपास आलेली एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी. तिघी गॅसवर चालतात. चालवाव्यात का, हे किटपेक्षा तुमच्या महिन्याच्या किलोमीटरवर आणि इंजिनाच्या तब्येतीवर ठरतं.

आधी हिशोब. एका लिटर एलपीजीत पेट्रोलपेक्षा साधारण पाव भाग कमी ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज पडतंच. समजा पेट्रोलवर 11 मिळतं, तर गॅसवर साडेआठ धरा. पेट्रोल 104 रुपये आणि गॅस 64 रुपये लिटर धरला, तर किलोमीटरला पेट्रोलचे 9 रुपये 45 पैसे आणि गॅसचे 7 रुपये 53 पैसे पडतात. वाचले एक रुपया 92 पैसे. सिक्वेन्शियल किट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस देणारं) बसवून 35,000 रुपये लागले, तर ते वसूल व्हायला 18,200 किलोमीटर हवेत. रोज 50 किलोमीटर फिरणाऱ्याचे वर्षभरात सुटतात. रविवारी रामटेक आणि हिवाळ्यात दोनदा पेंच एवढीच गाडी निघत असेल, महिन्याला 400 किलोमीटर, तर पावणेचार वर्षं जातील. विचारणारे बहुतेक याच दुसऱ्या गटातले असतात, आणि त्यांना आमचं उत्तर ‘नको’ असतं. दर बदलत राहतात, तेव्हा आकडे तुमचे टाका. या ॲव्हरेजला गॅसचा भाव पेट्रोलच्या 77 टक्क्यांवर गेला की बचत शून्य.

‘मग सीएनजी?’ असं लगेच विचारलं जातं. 2022 साली नागपुरात सीएनजी 120 रुपये किलोवर गेला होता, हे विसरू नका. शिवाय त्याची टाकी एलपीजीच्या टाकीहून बरीच जड असते. जिप्सीच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर तो भार टाकणं आम्हाला पटत नाही.

आता इंजिन. किटवाल्याकडे जाण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज. 1.3 च्या इंजिनात साधारण 14 किलो प्रति चौरस सेंटिमीटर यायला हवं. 12 च्या खाली असेल, किंवा दोन सिलिंडरमध्ये एक किलोपेक्षा जास्त फरक असेल, तर किटचे पैसे हेडच्या कामाला लावा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंगा गेल्यात, जागेवर राहिला तर व्हॉल्व्ह. पेट्रोलवर जे इंजिन रडतखडत चालतं ते गॅसवर बंदच पडतं, कारण कमकुवत स्पार्क आणि गळणारे व्हॉल्व्ह गॅस अजिबात खपवून घेत नाही.

गॅस कोरडा जळतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट त्यामुळे हळूहळू घासते आणि व्हॉल्व्ह आत बसत जातो. स्क्रूचे टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट जुळवायचे स्क्रू) असलेल्या इंजिनात मग टॅपेटची गॅप कमी होते आणि आवाजही कमी होतो. मालक खूश होतो की गॅसवर इंजिन कसं मऊ चाललंय! प्रत्यक्षात गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसतो, आणि थोड्याच दिवसांत त्याची कड जळते. पहिल्या 5,000 किलोमीटरला आणि नंतर दर 10,000 ला गॅप तपासा, मॅन्युअलच्या मापाने. एक्झॉस्टची गॅप दर वेळी घटलेली दिसली तर सीट बसत चालल्यात असं समजा.

इग्निशनमध्ये कंजूषी नको. नवे प्लग, गॅप पेट्रोलच्या मापापेक्षा 0.1 ते 0.2 मिलिमीटर कमी, प्लगच्या चांगल्या एचटी वायरी, कार्बोरेटरवाल्या गाडीत डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटरही नवे. मिक्सर किटमध्ये, म्हणजे हवेच्या वाटेतच गॅस मिसळणाऱ्या साध्या किटमध्ये, इनटेकभर गॅस-हवेचं मिश्रण असतं. एक स्पार्क चुकला की बॅकफायर होऊन एअर क्लीनरचं झाकण उडतं नाहीतर रबरी नळी फाटते. म्हणूनच एमपीएफआय गाडीला स्वस्तातला मिक्सर बसवू नका. तिला सिक्वेन्शियलच हवं, त्यात गॅस प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी वेगवेगळा सुटतो. कार्बोरेटरवाल्या गाडीला मिक्सर चालतो, पण तो हवेच्या वाटेत बसलेला असतो, त्यामुळे दम थोडा कमी होणारच. फोर-लोमध्ये (फोर बाय फोरच्या हळू पण जोरदार गियरमध्ये) ते जाणवणार नाही, चिखलदऱ्याचा घाट चार माणसं घेऊन चढताना जाणवेल.

पुढचा मुद्दा खास आपल्या भागातला. उन्हाळ्यात गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट (कूलंट गरम होईपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायची मिस्त्रींची जुनी खोड आहे. एलपीजीच्या रिड्युसरला, म्हणजे द्रव गॅसचा वायू करणाऱ्या भागाला, मात्र कूलंटचीच ऊब लागते. द्रव गॅसचा वायू होताना तो रिड्युसरमधली उष्णता ओढून घेतो. कूलंट कोमट किंवा कमी असेल तर रिड्युसर बाहेरून पांढरा पडतो, गोठतो आणि गाडी धक्के देते. डिसेंबरच्या पहाटे पेंचला निघताना हे हमखास होतं. तेव्हा थर्मोस्टॅट परत बसवा. गाडी तापत असेल तर रेडिएटर साफ करा, फॅनचा क्लच आणि वॉटर पंप बघा. रिड्युसर रेडिएटरच्या वरच्या पातळीपेक्षा खाली बसवून घ्या, नाहीतर त्यात हवा अडकते. पण इतकाही खाली नको की नाला ओलांडताना बुडेल. किटचा ईसीयू (इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचा डबा) आणि त्याचे कनेक्टर मात्र बॉनेटखाली जितके उंच जातील तितके चांगले.

टाकी कुठे बसवायची यावर फार घोळ होतो. जिप्सीची स्टेपनी मागच्या दारावर असते, त्यामुळे स्टेपनीच्या खड्ड्यात मावणारी गोल चपटी टाकी इथे कामाची नाही. गाडीखाली लटकवली तर दगड लागणार. म्हणजे मागच्या जागेत आडवी सिलिंडर टाकी, आणि सामानाची जागा गेली. 60 लिटरच्या टाकीत 80 टक्केच भरतात, म्हणजे 48 लिटर. टाकी आणि गॅस मिळून 50 किलोच्या वर भार. हा भार नुसत्या पत्र्यावर घेऊ नका. जुन्या जिप्सीची फरशी चटईखाली सडलेली असते. चटई काढा, स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, गरज असेल तर पत्र्याचं काम आधी करा, आणि बोल्टखाली जाड पट्ट्या टाकून पट्टे शक्यतो चेसिसपर्यंत न्या.

80 टक्क्यांवर भरणं थांबवणारा मल्टिव्हॉल्व्ह टाकीच्या व्यासाप्रमाणे आणि बसवायच्या कोनाप्रमाणे येतो. दुसऱ्या मापाचा बसवला किंवा टाकी फिरवून बसवली तर फ्लोट चुकीच्या जागी बंद होतो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, 45 अंशांवर द्रव गॅस फुगतो, आणि वरची मोकळी जागा त्याच्यासाठीच असते. टाकीवरचा आणि व्हॉल्व्हवरचा कोन जुळतो का, हे स्वतः वाचा. मे महिन्यात गॅस सकाळी भरा. दुपारी तापलेल्या टाकीतला दाब इतका वाढलेला असतो की भरायला वेळ लागतो.

तांब्याची नळी चेसिसच्या आतल्या बाजूने, सायलेन्सरपासून लांब, दीड-दोन फुटांवर क्लॅम्प लावून न्यावी. मोकळी राहिली तर खडबडीत रस्त्यावर थरथरून कडक होते आणि तडकते. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, त्यामुळे मल्टिव्हॉल्व्हच्या डब्याची हवा फरशीतून बाहेर सोडलेली असलीच पाहिजे, सॉफ्ट टॉप गाडीतसुद्धा. जोड तपासायला साबणाचं पाणी लावा. घरगुती लाल सिलिंडरवर गाडी चालवणं बेकायदेशीर आहे, शिवाय त्यातून गॅस वायूरूपात निघतो आणि किटला तो द्रव लागतो.

जंगलाकडे जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. टाकीत गॅस कमी असताना गाडी तीव्र चढावर किंवा तिरकी झाली की आतल्या नळीच्या तोंडाशी द्रव राहत नाही आणि इंजिन मधेच मरतं. चढ दिसला की आधीच पेट्रोलवर घ्या. म्हणजे पेट्रोलची बाजू धडधाकट हवी. ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) टाळायला गॅस लावतो असं हल्ली बरेच जण म्हणतात, पण गाडी सुरू बहुधा पेट्रोलवरच होते. तेव्हा जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे गॅस्केट बदला, आणि पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत पडू देऊ नका.

कागदपत्रं. किट मान्यताप्राप्त आणि तुमच्या इंजिनाच्या क्षमतेला चालणारं हवं, आरसीवर ‘पेट्रोल/एलपीजी’ अशी नोंद हवी, मग गाडी नागपूरच्या एमएच 31 ची असो, 40 ची की 49 ची. गाडी पंधरा वर्षांची झाली असेल तर नोंदणीचं नूतनीकरण आधी पार पाडा. फिटनेसला नापास झालेल्या गाडीत किट अडकून पडतं. टाकीची दर 5 वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) लागते. टाकीचे नियम पाहणाऱ्या पेसो या केंद्राच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेचं देशाचं मुख्य कार्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे, त्यामुळे ‘नागपुरात कोण विचारतंय’ हे वाक्य इथे तरी कोणी बोलू नये. विम्यात किटची किंमत दाखवा. स्वतःच्या नुकसानीच्या भागात साधारण त्या किमतीच्या 4 टक्के आणि थर्ड पार्टीत 60 रुपये वाढतात.

बसवून झाल्यावर ताबा घेताना गाडी आधी पेट्रोलवर चालवून बघा. बरेच फिटर गॅस जमवण्याच्या नादात कार्बोरेटरची सेटिंग हलवून ठेवतात, आणि ते कळतं तेव्हा गॅस संपलेला असतो आणि पंप 60 किलोमीटर मागे राहिलेला असतो.