पाऊण फेरा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्या वाड्यात मी सहा वर्षं फिल्टरच्या सर्व्हिसला जातोय. माई चहा टाकतात, मी फिल्टर बदलतो, नाना पेपराआडून टोमणा मारतात, "सयाजीरावांनी १८९२ ला आजवा तलावाचं पाणी पंपाशिवाय गावात आणलं. तुमच्या या डब्याला एका पेल्यासाठी वीज लागते!"

मे महिन्यात वहिनींचा फोन आला. नाना दवाखान्यात, जुलाब-उलट्या, सलाईन लावलंय. धाकट्यालाही तेच. "डॉक्टर पाण्याचं विचारतायत. आपला फिल्टर बरोबर आहे ना?"

गेलो. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, दाखवणारा मीटर बुडवला. नळाचं पाणी ३१०, फिल्टरचं ८६. पॅनेलवर निळा दिवा, धार व्यवस्थित. "वहिनी, मशीन ओके आहे," म्हणालो आणि बॅग आवरली.

आता लिहिताना लाज वाटते. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते तेवढंच बघतो. चिमूटभर मीठ टाका, आकडा उडी मारेल. गटाराचे चार थेंब टाका, त्याला पत्ताही लागणार नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे. गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं, आणि आमचा निम्मा धंदा त्यावरच चालतो. ३१० चे ३० करून दाखवले की घरातली सगळी मंडळी टाळ्या वाजवायचीच बाकी असतात. खरं तर आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात टीडीएसची पहिली मर्यादाच ५०० आहे. ३१० च्या पाण्याला आरओ, म्हणजे मेम्ब्रेनमधून क्षार गाळणारं मशीन, लागतच नाही. हरित लवादानंही २०१९ मध्ये ५०० च्या आतल्या पाण्यासाठी आरओवर बंदी आणायला सांगितलं होतं. शहराबाहेर बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांत १२००-१५०० आकडा येतो, तिथे आरओ घ्या, मी स्वतः लावून देतो. या वाड्याला यूव्ही-यूएफ, म्हणजे जंतू मारणारी ट्यूब आणि बारीक गाळणी, पुरलं असतं, तेही कमी पैशांत आणि लिटरमागे दोन-तीन लिटर मोरीत न सोडता. पण नानांच्या मुलानं सेलमधून आरओ आणला होता, तोही असेम्बल केलेला.

जिना उतरताना खाली नवी मोटर दिसली. थेट लाइनवर. एप्रिलपासून वर पाणी चढेना म्हणून बसवलेली. तिथेच थबकलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे, पाणी यायच्या वेळी परत गेलो. नळाच्या पाण्यात क्लोरीन तपासायचे थेंब टाकले. पिवळी झाक यायला हवी, लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम तरी. काहीच नाही. शेजारच्या घरी, जिथे मोटर नाही, तिथे छान पिवळं. म्हणजे क्लोरीन गल्लीपर्यंत येत होतं आणि या घरात शिरेपर्यंत कशानं तरी खाऊन टाकलं होतं. मग एचटूएसच्या, म्हणजे मैल्याचे जंतू असले की पाणी काळं करणाऱ्या चाचणीच्या, दोन बाटल्या भरल्या, एक नळाची, एक फिल्टरची, आणि माळ्यावर ठेवल्या. मेच्या उकाड्यात वेगळं इन्क्युबेटर कशाला लागतंय?

चोवीस तासांनी दोन्ही काळ्या. नळाची काळी होणार हे गृहीतच होतं. फिल्टरची बघून पोटात गोळा आला.

मशीन खोललं. यूव्हीची ट्यूब मेलेली. पॅनेलवरचा निळा दिवा नुसता अॅडॉप्टरचा, करंट आहे एवढंच सांगणारा. तरीही मेम्ब्रेनमधून जंतू सहसा पार होत नाहीत, मग टाकीत आले कुठून? आणि मग टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू दिसला. पाऊण फेरा उघडा.

तो मीच उघडला होता, दिवाळीत. माई म्हणाल्या होत्या, "अरे, पाणी अगदी मोळं लागतंय रे." मोळं हा शब्द त्यांनी गुजराती शेजारणींकडून उचललेला. म्हणजे बेचव. मला अर्थ कळला, आणि स्क्रू फिरवून मी नळाचं थोडं पाणी मेम्ब्रेनला वळसा घालून टाकीत सोडलं. पाणी गोड झालं, माई खूश, मला चिवडा मिळाला. वळशाचं पाणी यूव्हीतून जातं, म्हणून चालतं. पण त्या दिवशी ट्यूब जळत होती का? मी निळा दिवा पाहिला होता. ट्यूब नाही.

हिशेब रात्री मांडला. मेम्ब्रेनचं पाणी २८, नळाचं ३१०, टाकीत ८६. म्हणजे दर पाच पेल्यांतला एक मेम्ब्रेनला न भेटताच आलेला. ज्या ८६ वर बोट ठेवून मी ओके म्हणालो, त्यातच सगळं लिहिलेलं होतं!

प्लंबरनं खणलं तर घरात येणारा जुना लोखंडी जीआय पाइप भिंतीलगतच्या गटारातूनच गेलेला, सॉकेटला सडलेला. मोटर नव्हती तोवर तिथून पाणी बाहेर झिरपत असणार. मोटर ओढायला लागली आणि उलटं झालं. पाइप बदलला, मोटर काढली, नाना चार दिवसांनी घरी आले. सगळ्यांनी पाइपाला शिव्या घातल्या. मी ट्यूब बदलली, त्याचे पैसे घेतले नाहीत, तर वहिनी म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून कळलं." मी मान हलवली. स्क्रूचा विषय काढला नाही.

परवा पुन्हा गेलो होतो. स्क्रू बंद, मीटर २८. माईंनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"परत मोळं झालं रे. मागे केलं होतंस तसं कर ना काहीतरी."

"ते आता नाही होत, माई," म्हणालो आणि बॅगेत स्क्रूड्रायव्हर शोधत राहिलो. तो माझ्या हातातच होता.