मानेतली नळी चालतेय ना, मग हाताचं ऑपरेशन कशाला?

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. पेशंट स्वतः फारसा विचारत नाही. बायको विचारते, नाहीतर मुलगा, डायलिसिसच्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसून, हळू आवाजात. "सिस्टर, नळी चांगली चाललीय. मग हात कशाला कापायचा?" परवा एका ताईंनी विचारलं, तेवढ्यात पलीकडच्या मशीनचा अलार्म वाजला आणि माझं उत्तर अर्धवटच राहिलं. ताई, तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं लिहिते.

तुमचा प्रश्न चुकीचा नाही. नळी असली की सुया टोचाव्या लागत नाहीत. फिस्टुलात, म्हणजे हाताच्या ऑपरेशनने जोडून जाड केलेल्या शिरेत, मात्र डायलिसिसच्या दर सिटिंगला दोन जाड सुया जातात. आधीच खचलेल्या माणसाला आणखी एक ऑपरेशन नको वाटणारच.

नळी टाकतात ती रात्र बहुतेकांना नीट आठवत नाही. धाप लागलेली, अंगावर सूज, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं बाहेर टाकतात तो कचरा, वाढलेलं, कुणीतरी घाईत सही घेतलेली. मान डावीकडे वळवून तोंडावर हिरवं कापड टाकतात. उजव्या बाजूला भुलीचं इंजेक्शन देतात. मग सोनोग्राफीवर शीर बघून सुई, सुईतून बारीक तार आणि तारेवरून नळी. सेल्डिंगर नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी १९५३ साली ही तारेची पद्धत मांडली. उजवी मान निवडतात, कारण तिथली शीर जवळजवळ सरळ हृदयाकडे उतरते. कापडाखाली जीव गुदमरतो, म्हणून मी पेशंटचा हात धरून बोलत राहते. गाव कुठलं, पाऊस झाला का, काहीही.

नळीला दोन तोंडं असतात, लाल आणि निळं. लाल म्हणजे धमनी असं अनेकांना वाटतं, पण नळीचे दोन्ही मार्ग एकाच शिरेत असतात. लालमधून रक्त मशीनकडे येतं, निळ्यातून परत जातं. चार तासांनी दोन्हींत हेपारिन भरून आम्ही टोपणं लावतो, म्हणजे आत रक्ताची गुठळी होत नाही. दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात गेलात तर या नळीतून सलाईन लावू देऊ नका, रक्तही काढू देऊ नका.

आता मूळ गोष्ट. या नळीचं एक टोक हृदयापाशी असतं आणि दुसरं कातडीबाहेर. जंतूंना आत जायला याहून जवळची वाट नाही. साधी तात्पुरती नळी मानेत दोन आठवड्यांच्या वर ठेवू नये असं सांगतात, जांघेतली तर त्याहून कमी. परमकॅथ, म्हणजे जास्त काळासाठीची नळी, महिनोन्‌महिने चालते, कारण ती छातीच्या कातडीखालून बोगद्यासारखी नेलेली असते. तिच्यावरच्या कापडी पट्ट्यात तीन-चार आठवड्यांत मांस रुजतं आणि जंतूंना थोडा अडसर होतो. थोडाच.

माझ्याकडे एक तात्या यायचे. फिस्टुलाची तारीख त्यांना दोनदा मिळाली होती. एकदा नातीचं लग्न आडवं आलं, एकदा कांद्याची काढणी. मीही दर सिटिंगला म्हणायचे, "तात्या, नळी छान चालली आज." सातव्या महिन्यात थंडी वाजून ताप आला. घरी चार दिवस तापाच्या गोळ्यांवर काढले. आले तेव्हा संसर्ग हृदयाच्या झडपेपर्यंत पोचला होता. ते गेले. "नळी छान चालली" हे वाक्य त्यानंतर मी कधी उच्चारलं नाही. नळी असलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला, मशीनवर असो वा घरी, तर त्याच दिवशी दाखवायचं. रात्र झाली असली तरी.

फिस्टुला म्हणजे हातातलीच धमनी आणि शीर एकमेकींना जोडणं. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९६६ साली ही पद्धत मांडली. आजही तिच्यापेक्षा चांगलं आमच्याकडे काही नाही, कारण बाहेरची एकही वस्तू अंगात राहत नाही. पण शीर जाड व्हायला सहा-आठ आठवडे, कधी जास्त लागतात. म्हणून घाई करते मी. नळी "चालतेय" तेच हे आठवडे वापरायचे असतात. ज्या हाताला फिस्टुला करायचा, त्या हाताच्या शिरा आधीपासून जपा. सलाईन नको, रक्त काढणं नको. एका दादांच्या त्याच हाताला दुसरीकडे सलाईन लावलं गेलं आणि चांगली शीर वाया गेली.

घोणस चावल्यावर किंवा लेप्टोस्पायरोसिसच्या तापात मूत्रपिंडं बंद पडली असतील तर गोष्ट वेगळी. ती पुष्कळदा परत चालू होतात. लघवी वाढते, नळी निघते, फिस्टुला लागतच नाही. तुमच्या यजमानांचं तसं नाही, ताई. मधुमेहाने हळूहळू गेलेली मूत्रपिंडं परत येत नाहीत. हे तुम्हाला तोंडावर सांगायला मला जड जातं, म्हणूनही लिहिलं.

काढताना दुखतं का, हेही विचारलं होतंत. साध्या नळीला टाके कापले की झालं. परमकॅथला भूल देऊन रुजलेला पट्टा सोडवावा लागतो. काढताना डोकं खाली करून झोपवतात, श्वास सोडून रोखायला सांगतात. त्या क्षणी श्वास आत ओढला तर शिरेत हवा शिरू शकते. मग मी गॉज ठेवून दहा-पंधरा मिनिटं दाबून धरते, घड्याळ बघत. वर हवाबंद पट्टी लावतो.

गेल्या महिन्यात एका काकूंची परमकॅथ काढली. मनगटावरचा फिस्टुला दोन महिन्यांत तयार झाला होता. बोट ठेवलं की मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागायची. मी दाब देत होते आणि त्या छताकडे बघत गप्प पडल्या होत्या. नवव्या-दहाव्या मिनिटाला म्हणाल्या, "सिस्टर, आता डोक्यावरून पाणी घेऊ?" पाच महिने त्या मान कोरडी ठेवून, लेकीकडून ओणवं बसून केस धुवून घेत होत्या.

"जखम वाळू दे, काकू," म्हटलं. "चार दिवसांनी घ्या."

"शिकेकाई भिजवून ठेवते," म्हणाल्या.